उजवा ओरिजनल, डावा आपला

आप्पांच्या दारावर पाटी होती : "येथे ओरिजनल मिळत नाही. विचारून वेळ घालवू नये." वर मराठीत, खाली कानडीत. बेळगावात पाटी कुठल्या भाषेत लावावी यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात, पण या पाटीबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही. दोन्ही भाषांतली माणसं ती वाचून सारखीच गोंधळायची. दुकानदार आपल्याकडे काय मिळतं ते लिहितो, आप्पांनी काय मिळत नाही ते लिहिलं होतं.

मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते. शहापुरातली अरुंद गल्ली, दोन्ही अंगांना विणकरांच्या मागांची खटखट आणि खाली सोप्यात आप्पांचा सेंटचा कारभार. मी खानापूरकडच्या खेड्यातली. उद्यमबागेतल्या एका लहानशा कारखान्याच्या ऑफिसात टायपिंगपासून चहापर्यंत सगळं करायचे. खोली बघायला गेले तेव्हा आप्पांनी माझं नाव-गाव काही विचारलं नाही. जवळ आले, नाक वर करून एकदा हवा ओढली आणि म्हणाले, "खोबरेल. घाण्याचं. त्याच्यावर बसचं डिझेल. ऱ्हा." एवढ्यावर मला खोली मिळाली. त्या दिवशी मी तेल लावलं नसतं तर कुठं राहिले असते कोण जाणे.

आप्पांचा जन्म उद्यमबागेतल्या फौंड्रीत गेला. लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचा लाकडात हुबेहूब नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. आप्पा तो करायचे. गिऱ्हाईक कुठला तरी जुना सुटा भाग घेऊन यायचं, "असला पायजे" म्हणायचं, आणि आप्पा तसाच लाकडात कोरायचे. उद्यमबागेतल्या कितीतरी घरांची चूल या "असला पायजे"वर पेटते. आप्पांचा सिद्धांत एकच होता : सँपलला हाय ते मालात हाय, सँपलला न्हाय ते मालात न्हाय.

एकदा सँपल म्हणून पंपाचं झाकण आलं, त्याच्या एका कानाचा टवका उडालेला होता. आप्पांनी पॅटर्नचाही तेवढाच टवका उडवला. दोनशे झाकणं कान तुटलेली निघाली. मालक कपाळ बडवत आला तर आप्पा शांतपणे म्हणाले, "मालक, टवका मोजून बघा. एक सूत इकडं-तिकडं असंल तर सांगा." ही गोष्ट ते स्वतःच मोठ्या अभिमानानं सांगत. मालकानं पुढं काय केलं, ते मात्र सांगत नसत.

निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले. घरात लाकूडकामाला आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बंदी घातली, कारण भुसा आमटीत पडायचा. वासाचा भुसा पडत नाही, म्हणून आप्पा वासाकडे वळले. कुणी महागडं परदेशी सेंट दाखवलं की त्याची नक्कल करायची. साहित्य म्हणजे हुबळीहून आणलेल्या सुगंधी तेलांच्या तीस-चाळीस बाटल्या, ड्रॉपर, कापूस, एक वही आणि त्यांचं नाक.

नाकाचं तंत्र वेगळं होतं. कुठलंही मापाचं यंत्र वापरण्याआधी ते झिरोवर आणावं लागतं, तसं नाकही झिरोवर आणलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी तपकीर. तीही फक्त निपाणीची, एका ठरावीक दुकानातली. महिन्यातून एकदा ते बसनं निपाणीला जाऊन डबी भरून आणायचे. एक वास घेतला की चिमूटभर तपकीर ओढायची, दोन शिंका द्यायच्या आणि "झिरो" असं जाहीर करायचं. तीन शिंका आल्या तर "मायनसला गेलं" म्हणून अर्धा तास काम बंद. सकाळी मी जिन्यावरून उतरताना खालून "झिरो" ऐकू आलं की घड्याळ बघायची गरज नसे, आठची बस गाठायची वेळ झालेली असे.

ओरिजनल आणि डुप्लिकेट यांतला फरक त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावला.

"ओरिजनल लावलं की पयल्यांदा लिंबू येतंय. तासाभरानं फुलं येत्यात. सांजच्याला नुसतं लाकूड ऱ्हातंय. म्हंजे सकाळचा माणूस आन् सांजचा माणूस एक न्हाय. आपल्यात तसलं न्हाय. आपलं सकाळी जे हाय तेच दुपारी हाय."

"आणि संध्याकाळी?"

"सांजच्याला न्हायच."

हे ते कुणापासून लपवत नसत. गिऱ्हाइकाच्या हातात बाटली देतानाच सांगायचे, "चार तास. पाचव्या तासाला तुमचं तुम्ही बघा." निम्मी गिऱ्हाइकं तिथंच परत फिरायची. उरलेली निम्मी हसत घ्यायची आणि पुन्हा यायची.

नक्कल जमली की नाही याची परीक्षा बसमध्ये होई. उजव्या मनगटावर कुणाकडून तरी थेंबभर मागून आणलेलं ओरिजनल, डाव्या मनगटावर आपलं. मग दोन्ही हात शेजारच्याच्या नाकाखाली धरून, "फरक सांगा." कंडक्टर तिकीट द्यायला आला की त्याच्याही नाकाखाली. एकदा उद्यमबागेच्या बसमध्ये फौंड्रीतल्या एका दांडग्या मोल्डरनं त्यांना पाकीटमार समजून दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. आप्पा म्हणाले, "धरलाईस तर हुंग तरी." त्यानं हुंगलं आणि डावा बरा म्हणाला. तो पुढं त्यांचं कायमचं गिऱ्हाईक झाला. मी त्या बसमध्ये होते आणि आपण या म्हाताऱ्याला ओळखतच नाही असा चेहरा करून खिडकीबाहेर बघत होते, हे कबूल करायला हवं.

सँपल नेहमी बाटलीतच यायचं असं नाही. वडगावच्या एका विणकरानं बंगळूरला नोकरी करणाऱ्या पुतण्याचा हातरुमाल आणून दिला. "पोरगं असलं कायतरी लावतंय बघा, मला बी पायजे." आप्पांनी आठवडाभर खपून सेंट केलं. त्यात पुतण्याचं परदेशी सेंट होतं, पुतण्याचा घाम होता आणि रुमाल ज्या पिशवीतून आला तिच्यातली कांदाभजीही होती. मी नाकाला पदर लावला. विणकरानं मात्र डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाला, "व्हय व्हय. पोरगं म्होरं हुबारल्यागत वाटतंय." आप्पांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. सँपलला हाय ते मालात हाय.

खोटं बोलायची मात्र त्यांना बुद्धीच नव्हती. नकला करणारा माणूस खोटं बोलत नाही, हे ऐकून कुणी हसेल, पण आप्पांना त्यात काही विनोद दिसत नसे. "नक्कल करणं पाप न्हाय. नक्कल झाकणं पाप हाय," असं म्हणायचे. गल्लीतल्या एका नवरदेवाला रिसेप्शनला मित्र विचारत होते, "काय लावलाईस रं, फॉरेनचं काय?" तो लाजून मान डोलावतोय, तोवर मागं आहेराचं पाकीट घेऊन रांगेत उभे असलेले आप्पा मोठ्यानं म्हणाले, "फॉरेनचं कुठलं? परवा मीच दिलतो की. तीन तास झाले, अजून एक तास हाय." नवरदेवाचा चेहरा फोटोत अजून तसाच आहे. आणि "आमटी कशी झालीय" हे विचारणं आक्कांनी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सोडून दिलं होतं.

असल्या माणसाकडे माझं गुपित घेऊन जायची वेळ माझ्यावर आली.

झालं असं, की माझं लग्न निपाणीत ठरलं. मुलगा कोल्हापूरला नोकरीला होता, त्याआधी दोन वर्षं मस्कतला होता. सासरे तंबाखूच्या वखारीत कामाला, सासूबाई जन्मभर विड्या वळलेल्या. बाई कमी बोलायची, आणि बोलली की तिकडच्या बायकांच्या रीतीनं स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच म्हणायची. साखरपुड्यात मला जवळ घेऊन एकच गोष्ट म्हणाली, "आमच्यात सगळं चालतंय. भांडलेलं चालतंय, करपलेलं चालतंय. झाकपाक तेवढी चालत न्हाय. थोरलीचं लगीन मोडलं ते त्याच्यापायी." थोरली म्हणजे माझी नणंद. तिच्या सासरच्यांनी नवऱ्याचा आजार लपवला होता आणि ती परत आली होती. त्या घरात 'झाकपाक' हा शब्द कसा उच्चारला जातो ते मी ऐकलं होतं, तरी माझी अक्कल बघा.

मार्गशीर्षात एका रविवारी मला जेवायला बोलावलं होतं. मी शहापुरी साडी नेसून गेले, नवीकोरी, खळीचा वास मारणारी. सासूबाई मला कोरा चहा देऊन आत पोळ्या लाटायला गेल्या होत्या. आरशासमोर एक काचेच्या बुचाची बाटली होती. मुलानं मस्कतच्या पहिल्या पगारातून आईसाठी आणलेलं सेंट, खरंखुरं ओरिजनल. सासूबाई सणावाराला त्यातलं थेंबभर लावायच्या. बाटलीत दोन बोटं उरलं होतं. आप्पांच्या घरात राहून मला वाईट खोड लागली होती, दिसली बाटली की बूच काढ. बूच घट्ट होतं. मी हिसका दिला आणि ती दोन बोटं माझ्या पदरावर आली.

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. मी काय केलं, तर कपातला उरलेला चहा त्या बाटलीत ओतला. रंग तंतोतंत जुळला, उंचीही बरोबर दोन बोटं. मग बूच लावलं आणि पदर कमरेला खोचून, ऊन लई हाय हो, असं काहीबाही बोलत बसले. सासूबाई पुढं ती बाटली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काढणार होत्या, हे त्यांनीच जेवताना सांगितलं. बायकांच्या हातांना लावायला. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्या साडीचा पदर आप्पांच्या पुढ्यात टाकला आणि सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या रडण्याकडे लक्ष दिलं नाही. तपकीर ओढली, दोन शिंका दिल्या, झिरो म्हणाले आणि पदरात नाक खुपसलं.

"लिंबू हाय. गुलाब हाय, पण आपल्याकडचा न्हाय. खाली चंदन. आन् लई खळ."

"खळ साडीची आहे, आप्पा. ती नको."

"सँपलला हाय."

"अहो, पण मूळ सेंटात खळ कशी असेल?"

"ते तू सांगतीस. सँपल सांगत न्हाय." मग त्यांनी वही पुढं केली. कारखान्यात सँपलपेक्षा वेगळं काही करायचं असेल तर गिऱ्हाइकाची लेखी परवानगी लागते. मला लिहावं लागलं : 'सँपलातील खळ वजा करण्यास माझी हरकत नाही.' खाली सही, तारीख. माझ्या लग्नाचा प्रश्न होता आणि मी खळीचा करारनामा लिहीत होते.

"आणि कुणाला सांगायचं नाही," मी म्हटलं.

आप्पा अस्वस्थ झाले. "कुणी इचारलं न्हाय तर न्हाय सांगणार. पर इचारलं तर?"

"कुणी विचारणार नाही. तुम्ही बेळगावात, त्या निपाणीत."

"मग जमंल," म्हणाले, पण चेहरा काही मोकळा झाला नाही.

त्यांनी महिनाभर काम केलं. माझ्या ऑफिसातून येण्याची वाट बघत दारात उभे राहायचे, एका हातात पदर, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा. लिंबू आलं, गुलाब आला, चंदन मात्र जास्त व्हायचं. मी रोज हुंगून नाही म्हणायची. आठवड्यातून एकदा तरी आमचं भांडण व्हायचं आणि आक्का दोघांनाही भाकरी वाढून गप्प करायच्या. शेवटी एके सकाळी त्यांनी बोळा पुढं केला आणि मला त्या आरशासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. मी आप्पांच्या पाया पडले, आणि त्यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "चार तास."

हळदीकुंकू रविवारी दुपारी होतं. होणारी सून म्हणून मी सकाळीच निपाणीला मदतीला गेले. सासूबाई तिळगुळाच्या वड्या पाडत होत्या. मी आत जाऊन बाटलीतला चहा खिडकीतून ओतला, बाटली पदरानं पुसली आणि आप्पांचं सेंट भरलं. तेवढ्यात पावलं वाजली. घाईत सगळंच ओतलं आणि बूच लावून बाजूला झाले.

दुपारी घर भरलं. सासरे बायकांच्या गर्दीला भिऊन शेजारी जाऊन बसले. सासूबाईंनी हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि मग ती बाटली काढून एकेकीच्या मनगटावर बोळा फिरवायला सुरुवात केली. पहिल्या बाईनं मनगट नाकाशी नेलं, "काय झ्याक वास हाय गं" म्हणाली आणि शिंकली. दुसरी शिंकली. तिसरीला तीन आल्या. पाचव्या बाईपर्यंत तिळाच्या वड्या सगळ्या खोलीत उडाल्या होत्या आणि कडेवरचं एक पोर भोकाड पसरून रडत होतं. मला वाटलं, धूळ असेल. मग कुणाला वाटलं, सर्दीची साथ आली. सासूबाईंनी स्वतःचं मनगट हुंगलं. त्या शिंकल्या नाहीत. बाटलीकडे बघितलं, पुन्हा हुंगलं, आणि सावकाश माझ्याकडे बघितलं.

नेमके त्याच वेळी दारात आप्पा.

झालं होतं असं : आप्पा प्रत्येक मालातला थोडासा नमुना स्वतःजवळ ठेवून घ्यायचे. पुढं तक्रार आली तर ताडून बघायला. त्या सकाळी मी निघून गेल्यावर त्यांनी तो सहज हुंगला आणि तपकीर न ओढताच त्यांना चार शिंका आल्या. डबी त्या मिश्रणाच्या शेजारीच उघडी असायची. मी वास पसंत केल्यानंतरच्या कुठल्या तरी शिंकेसरशी चिमूटभर आत गेली होती. माल सदोष आहे आणि गिऱ्हाइकाकडे गेला आहे, हे कळल्यावर आप्पांना घरात बसवेना. मिळेल ती बस पकडून निपाणीला आले, तपकिरीच्या दुकानात माझ्या सासरचा पत्ता विचारला आणि चालत आले. माल परत घ्यायला. हे सगळं त्यांनी नंतर सांगितलं.

तेव्हा मला एवढंच दिसलं, की पांढरी टोपी, घामानं भिजलेला सदरा, हातात कापडी पिशवी, असा एक म्हातारा पंधरा-वीस बायकांच्या हळदीकुंकवात उंबऱ्यावर उभा आहे.

"कोण पायजे?" सासूबाईंनी विचारलं.

विचारलं. नको तेच झालं. आप्पांनी बायकांकडे बघितलं, सासूबाईंच्या हातातल्या बाटलीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक. आप्पांचं तोंड उघडं राहिलं. इतका वेळ त्यांचं तोंड उघडं आणि त्यातून खरं बाहेर येत नाही, असं मी कधी बघितलं नव्हतं.

"मीटर," शेवटी ते म्हणाले. "मीटर बघायला आलतो. लाइटचं."

"रविवारचं?"

"रविवारी बी... लाइट जळतीच की."

"मीटर तुमच्या डोस्क्यावरच हाय," सासूबाई म्हणाल्या.

आप्पा वळले. खिशातून चष्मा काढला, टाचा उचलल्या आणि मीटरवरचे सगळे आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले. मग तिथंच थांबायचं सोडून म्हणाले, "काच तडकलीय. तेवढं लिवून घेतो." आणि पिशवीतून वही काढली. तीच वही, माझ्या सहीची. लाइटच्या ऑफिसातला माणूस असा सेंटनं घमघमत नाही आणि त्याच्या डोळ्यांत पाणीही नसतं. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या होत्या.

मला ते बघवेना. ज्या माणसाला बायकोच्या आमटीबद्दलही खोटं बोलता येत नाही, तो माझ्यापायी वीस बायकांसमोर मीटर वाचत होता.

"मीटर न्हाय हो आत्या," मी सासूबाईंना म्हणाले. घाबरले की माझी खेड्यातली भाषा बाहेर येते. "हे आमचे घरमालक. तुमचं सेंट माज्या हातनं सांडलं. हे डुप्लिकेट हाय. यांनी केलंय, मी करायला लावलंय."

सासूबाईंनी बाटली खाली ठेवली.

"आन् चहा?"

"काय?"

"चहा कुणाचा हुता आत? संकेश्वरला बारशाला गेलतो तवा गळ्याला लावलतो मी. गोड चहा. पाळण्याजवळ हुबारलो तर मुंग्या चढल्या गळ्यावर. सगळ्या बायका म्हणाल्या, बाळापेक्षा तुलाच लई गोड समजत्यात."

आता मात्र ज्यांनी पदर लावले होते त्यांनी ते काढून मोकळेपणानं हसायला सुरुवात केली. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम.

"म्हंजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"व्हय. आन् आज बघतो तर दोन बोटाचं गळ्यापातूर भरलंय. बाटलीत सेंट वाढल्यालं आजवर ऐकलं न्हवतं मी." मग त्यांचा आवाज उतरला. "तू कवा सांगतीस ते बघत हुतो गं. रथसप्तमीपातूर वाट बघणार हुतो. त्याच्या म्होरं मातर लेकाला सांगितलं असतं, ही पोरगी नको म्हणून."

त्या हे रागानं बोलल्या नाहीत, म्हणूनच मला ते जास्त लागलं. रथसप्तमीला सहा दिवस राहिले होते, आणि आप्पा आले नसते तर मी काही सांगणार नव्हते. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही कळलं असणार.

आप्पा उंबऱ्यावरून पुढं आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, पोरीला बोलू नका. माल माजा, चूक माजी. तपकीर पडली त्यात. रिजेक्ट हाय ते. परत द्या, म्हैन्यात दुसरं करून देतो."

सासूबाईंनी बाटली उचलली आणि छातीशी धरली. "तपकीर व्हय? मी म्हटलं, तंबाखू कुठनं आली. चाळीस वर्सं विड्या वळल्या, मला काय शिंक येती त्याची." त्यांनी मनगट पुन्हा नाकाशी नेलं आणि तसंच ठेवलं. "माज्या हाताला सारखा तंबाखूचा वास येतोय म्हणून पोरानं आणलतं हे सेंट. लेकानं आणलं म्हणून लावत हुतो. पर लावलं की वाटायचं, हे हात कुणाचे? दुसऱ्याच कुठल्या बाईचे." त्यांनी बाटलीवरून बोट फिरवलं. "ह्यात त्येचं सेंट बी हाय आन् मी बी हाय. परत न्हाय द्यायची मी."

"पर ते सँपलपरमाणं न्हाय," आप्पा कळवळून म्हणाले.

"नसू दे."

"सँपलला तंबाखू न्हवती."

"पायजे हुती," सासूबाई म्हणाल्या. एवढं बोलून त्यांनी आप्पांना पाटावर बसवलं, तिळगूळ दिला आणि हळदीकुंकवाचं वाण म्हणून बायकांना वाटत होत्या ती चहाची गाळणीही त्यांच्या हातात ठेवली. आप्पांनी ती उजेडाकडे धरून जाळीची भोकं तपासली. मला म्हणाल्या, "उठ, चहा टाक. बाटलीत न्हाय, पातेल्यात."

संध्याकाळी मी आप्पांना स्टँडवर सोडायला गेले. बेळगावची बस लागायची होती. ते बाकावर गाळणी मांडीवर घेऊन, मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, बाटली परत मिळाली नाही म्हणून नाराज असतील.

"खोटं बोललो मी आज," ते म्हणाले. "सत्तर वर्सांत पयल्यांदा."

"आप्पा, एकाही बाईला ते खरं वाटलं नाही."

त्यांनी मान वर केली. "एकीला बी न्हाय?"

"एकीला पण नाही. तुम्ही मीटर वाचत होता तेव्हाच सगळ्या हसत होत्या."

मग त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. "मग ते बाजारात गेलंच न्हाय की. गेटावरच रिजेक्ट झालं. धरायचं न्हाय ते."

"नाही धरायचं," मी म्हणाले.

बस आली. ते चढले, खिडकीजवळ बसले आणि शेजारच्या माणसाच्या नाकाखाली मनगट धरताना मला दिसले. त्यांच्या हिशेबात ते खोटं कधी धरलं गेलं नाही, आणि मीही त्यांना पुन्हा कधी आठवण दिली नाही. पण मी ते धरलं आहे. माझ्यासाठी इतकं वाईट खोटं आयुष्यात दुसरं कुणी बोललं नाही.